पहिल्या नंबराचे पेढे

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लेकरांना देव चांदण्यांनी शिकवतात. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता असतो. डावीकडे मुलांची नावं, पुढे रिकामे चौकोन. वेळेवर आलात, एक चांदणी. बायबलचं वचन पाठ म्हटलंत, एक चांदणी. नवीन मित्राला घेऊन आलात तर दोन. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. वर्गाची पुस्तकं दक्षिणेतून पार्सलनं येतात, कुणीतरी घाईघाईत मराठी केलेली, त्यांत हा नियम छापलेला असतो आणि आम्ही तो दैवी आज्ञेसारखा पाळतो.

माझा नवरा जन्मानं कॅथलिक. लहानपणी त्यानं सिस्टरांसमोर प्रश्नोत्तरं घोकली, फादरांच्या कानात आपली पापं सांगितली आणि मग पांढरा शर्ट घालून पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. सांगायला पापं कमी पडली म्हणून दोन शेजारच्या मुलाची ढापली, असं तो अजून हसत सांगतो. आमचा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो म्हणाला, "आमच्यात घाबरवतात, तुमच्यात लाच देतात." मी त्याच्यावर उखडले होते. आता उखडत नाही.

आमची मंडळी मराठी आणि मुक्काम सुरतेत. कुणी जालन्याकडचं, कुणी नगरकडचं, सगळी पोटामागे आलेली. माझा नवरा शहराबाहेरच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग युनिटमध्ये रंगांच्या प्रयोगशाळेत आहे आणि मी शाळेत शिकवते, रविवारी हा मुलांचा वर्गही घेते. चर्चची इमारत गुजराती मंडळीची. सकाळची गार वेळ त्यांची, दुपारी पत्रा तापला की आमची उपासना. चावी त्यांच्याकडे असते आणि आमचे सेक्रेटरी दर रविवारी ती मागायला जातात. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस चावी मागताना जेवढा वाकतो, ती हातात आल्यावर आमच्यासमोर तेवढाच ताठ होतो.

ती मुलगी आमच्या वर्गात आली ती या दोन चांदण्यांपायी. माझी लेक तिसरीत होती आणि तक्त्यात मागे पडली होती. एका रविवारी तिनं वरच्या मजल्यावरच्या मुलीचा हात धरला आणि मला म्हणाली, "आई, ही माझी नवीन मित्र." परभणीकडचं कुटुंब. बाप पॉवरलूमवर, आई घरात साड्यांवर टिकल्या चिकटवायची. रविवारी त्यांच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे पडलेले, पाय ठेवायला जागा नाही. मी तिच्या आईला स्पष्ट विचारलं, आमच्या चर्चमध्ये नेते, चालेल का. ती चिकटवणं न थांबवता म्हणाली, "न्या की बाई. तेवढंच पोरगी गाणं शिकंल. देव काय, समदीकडं त्योच." ही बाई आमच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या अख्ख्या पंच कमिटीपेक्षा मोकळ्या मनाची होती, पण तिला कोण विचारतो.

पोरीची स्मरणशक्ती भयंकर होती. दुसरा शब्द नाही. एकदा ऐकलं की झालं. आमच्या मंडळीतली पिढीजात ख्रिस्ती लेकरं एका ओळीवर महिनाभर अडखळायची आणि ही मला "मावशी, पुढचं सांगा ना" म्हणून भंडावून सोडायची. दोन महिन्यांत तिच्या चांदण्या सगळ्यांच्या पुढे गेल्या. त्याआधी पहिला असायचा सेक्रेटरींचा नातू. एक गुबगुबीत, सुस्त मुलगा, जो वचन म्हणताना आजोबांच्या ओठांकडे बघायचा. आया आपसात कुजबुजू लागल्या. माझ्या तोंडावर मात्र सगळ्या म्हणायच्या, "किती गोड आहे हो मुलगी."

सेक्रेटरींना सुरुवातीला ती फार आवडली. वार्षिक सभेत त्यांनी तिला सगळ्यांपुढे उभं केलं आणि "आपल्या शब्बाथ शाळेची वाढ बघा" म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. ती लाजून लाल झाली. घरी जाऊन तिनं आईला सांगितलं की सगळ्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी आयुष्यात तोवर कुणी टाळी वाजवली नव्हती.

आमच्या वर्गात एक जुनं चित्र आहे. दोन रस्ते. एक अरुंद, चढाचा, वर उजेड. एक रुंद, गजबजलेला, खाली आग. दरवर्षी ते भिंतीवर टांगून मुलांना समजावतात. त्या दिवशी पाळकीणबाई शिकवत होत्या. पाळकसाहेबांच्या या बायकोचा आवाज मऊ आहे आणि मऊ आवाजात त्या काहीही बोलू शकतात. मुलीनं हात वर केला. "बाई, माझी आई कोंच्या रस्त्यावर हाय?" मी मागे बसले होते. मला वाटलं, बाई काहीतरी सावरून घेतील. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रुंद रस्त्यावर, बाळा. म्हणून तर तू प्रार्थना करायची."

पोरगी खूप वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग मी बी तिकडंच जाते. आईला एकटीला भ्या वाटतं." मुलं खो खो हसली. पाळकीणबाईंनी "शू" केलं आणि पुढचा मुद्दा घेतला. मी त्यांना बाहेर गाठून तोंडावर बोलले की हे बोलायला तुमची जीभ कशी रेटली. त्या म्हणाल्या, "मी खरं तेच सांगितलं. खोटं शिकवायचं का लेकरांना?" हे वाक्य मी विसरलेली नाही.

तरी मुलगी येत राहिली. कारण बारडोली. तिथल्या मंडळीत दरवर्षी आसपासच्या शब्बाथ शाळांची पाठांतराची स्पर्धा होते. स्टेज असतं, माइक असतो, शिल्ड असतं, दुपारी जेवण असतं. प्रत्येक वर्गातून एकच मूल जातं. यंदा प्रेमावरचा एक सबंध अध्याय पाठ म्हणायचा होता. आम्ही वर्गात चाचणी घेतली. सेक्रेटरींचा नातू तिसऱ्या ओळीवर बसला. माझी लेक निम्म्यावर. ही मुलगी उभी राहिली, हात मागे बांधले आणि एक शब्द न चुकता शेवटपर्यंत म्हणून गेली. इतकी वर्षं तो अध्याय मी लग्नांमधून ऐकत आले होते, पण तो कुणीतरी मनापासून पाठ केलाय असं पहिल्यांदाच वाटलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, बारडोलीला ही जाणार. तिनं मला विचारलं, "माइक खरा असतो का, मावशी? खऱ्या आवाजाचा?" आणि त्या दिवसापासून ती गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्यांमध्ये उभी राहून, हातात लाटणं धरून सराव करायला लागली.

त्याच आठवड्यात पंच कमिटीनं मला बोलावलं. चहा होता, खारी होती. सेक्रेटरी खारी चहात बुडवत म्हणाले, "मॅडम, मुलगी हुशार आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण बारडोलीला स्टेजवर नाव पुकारतील. आडनाव ऐकलं की कुणीतरी मान वळवणार. व्हिडिओ काढणार. मग कुणीतरी म्हणणार, लोकांची पोरं बाटवता. पोलीस आपल्या दारात. गुजराती मंडळी चावी काढून घेणार. मग उपासना काय तुमच्या गच्चीवर करायची?"

भीती खोटी नव्हती, हे मी कबूल करते. हल्ली असे प्रकार कानावर येतात आणि आमच्या लोकांच्या मोबाइलवर तर रोज येतात. पण तिच्या आईनं राजीखुशीनं पाठवलंय, हे मी परोपरीनं सांगितलं. म्हटलं, चला, आत्ता तिच्या घरी जाऊ, आईबापांशी बोलू, चार माणसांसारखं. कुणी जागचं हललं नाही. त्या घरात पाय ठेवायचा कुणालाच नव्हता. आठ महिने जिच्या लेकीला यांनी मिरवलं, तिच्या खोलीचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे हे यांना ठाऊक नव्हतं.

"मग नवीन मित्राच्या दोन चांदण्या कशाला लावता?" मी विचारलं.

"ते पुस्तकात आहे," सेक्रेटरी म्हणाले.

ठरलं असं, की मुलगी बारडोलीला जाणार नाही आणि वर्गातही येणार नाही. नातू जाईल. मी म्हटलं, हे तिला तुम्ही सांगायचं, मी सांगणार नाही. आणि असं असेल तर मी शिकवणारही नाही. मला वाटलं, एवढ्यानं तरी हादरतील. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, तुमची मर्जी," आणि कप खाली ठेवला.

पुढच्या रविवारी मी रागानं घरी बसले. वरच्या मुलीला एवढंच सांगितलं, आज वर्ग नाही. माझी लेक पाळकीणबाईंबरोबर गेली. परत आल्यावर मी विचारलं, काय शिकवलं? ती म्हणाली, "सिक्रेट आहे. सेक्रेटरी सरांनी घरी सांगायचं नाही म्हटलंय." मी सरप्राइझ कार्यक्रम असेल म्हणून सोडून दिलं.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले. घरात बसून भांडण जिंकता येत नाही, हे आठवडाभरात माझ्या लक्षात आलं होतं. मी मुलीला न्यायला वर गेले, तर आई म्हणाली, तिचा मामा आलाय गावाहून, त्याच्यासंगं कुठंतरी गेली. मला खरंच हायसं वाटलं. आज हिच्यासमोर वाद नको, आज मी एकटी पंचांशी नीट बोलेन, असं मी ठरवलं.

वर्गात गेले तर तक्ता नवा होता. सगळी नावं नव्यानं लिहिलेली, चांदण्या मोजून पुन्हा चिकटवलेल्या. तिची ओळ नव्हती. खोडलेली नव्हती, फाडलेली नव्हती, नव्हतीच. सगळ्यात वर नातू होता. मी सेक्रेटरींना काही बोलणार, एवढ्यात दारात तीन माणसं येऊन उभी राहिली.

तिघं तरणेबांड. कपाळाला अष्टगंध, एकाच्या गळ्यात भगवं उपरणं, मधल्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. आणि मधल्याच्या दुसऱ्या हाताला धरून ती. केस चापून बसवलेले, लाल रिबिनी, दिवाळीचा फ्रॉक. तिचा चेहरा असा फुलला होता की मी आधी तोच पाहिला. सेक्रेटरींनी गंध पाहिलं, उपरणं पाहिलं, पिशवी पाहिली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"नमस्कार साहेब," मधला, तिचा मामा, म्हणाला. "आमची भाची हितं शिकाया येती म्हनं."

"कोण भाची?"

मामा गोंधळला. भाची त्यांच्या पुढ्यात उभी होती. "ही की."

"आमच्याकडे बाहेरची मुलं येत नाहीत," सेक्रेटरी म्हणाले. आवाज इतका गोड की तो चावी मागतानाच लागतो. "आमच्याच लोकांची मुलं असतात इथं. तुमची काहीतरी चूक होतेय. विचारा हवं तर लेकरांना. काय मुलांनो, ही मुलगी आपल्या वर्गात येते का?"

"नाही, सर."

सगळी एकदम म्हणाली. एका सुरात, हात मागे बांधून, वचन म्हणतात तसं. मागच्या रविवारचा पाठ काय होता ते मला तेव्हा कळलं. माझी लेक पहिल्या रांगेत होती आणि तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

येशूला धरून नेलं त्या रात्री त्याचा थोरला शिष्य लोकांना म्हणाला होता, मी या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हणाला, आणि मग बाहेर जाऊन ढसाढसा रडला. ही गोष्ट आम्ही दरवर्षी मुलांना शिकवतो. आमच्या मुलांना एकदाच विचारावं लागलं आणि रडलं कुणीच नाही.

"येते ती," मी म्हणाले. "मी आणते तिला. आठ महिने येते. वर्गात पहिली आहे."

सेक्रेटरी माझ्याकडे वळलेही नाहीत. मामाला म्हणाले, "आमच्या मॅडम शाळेत शिकवतात. दिवसभर ढीगभर मुलं बघतात, मग होतो गोंधळ." मुलं हसली. मी शिकवलेली मुलं मला हसली.

मामा बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागला. "मंग खरं काय धरायचं?" तो खाली वाकला. "तू सांग गं. येतीस का न्हाई हितं?"

तिनं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत वाचला. तिला वाचायला वेळ लागत नसे. मग मुलांच्या रांगेकडे पाहिलं, माझ्या लेकीकडे जरा जास्त वेळ. मी मनात म्हणत होते, बोल, हो म्हण, एकदा हो म्हण, पुढचं मी बघते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"न्हाई," ती म्हणाली. "मी गंमत केली."

मामाचा चेहरा पडला. रागानं नाही, लाजेनं. "आवं, काय सांगावं तुमाला," तो सेक्रेटरींना म्हणाला. "पोरगी म्हनली, पयला नंबर आलाय, बारडोलीला न्यायलेत. म्हनून मारुतीला जाऊन आलाव, आन् म्हनलं बारडोलीची गाडी किती वाजता सुटती इचारावं. मी बी येनार हुतो ऐकाया. लेकरांस्नी पेढे आनले हुते." त्यानं पिशवीतून खोका काढून दाखवला, जणू पुरावाच द्यायचा होता. मग त्यानं भाचीच्या डोक्यात टप्पल मारली. "देवाच्या जागी खोटं बोलती व्हय गं?"

टप्पल जिथं लागली तिथं तिनं हातही लावला नाही.

भीती ओसरल्यावर सेक्रेटरी एकदम दिलदार झाले. इतका वेळ कोंडलेला श्वास सोडून ते हसले, मामाच्या पाठीवर थाप मारली. "असू दे हो. लहान आहे. लहान मुलं बोलतात खोटं, आपण समजावून सांगायचं." मग खोक्याकडे बघून म्हणाले, "आणलेच आहेत तर वाटून टाका. लेकरांना आनंद."

मी ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण मी ओरडून काय सांगणार होते? जिच्यासाठी भांडत होते तिनंच मला खोटं पाडलं होतं आणि तिच्याकडे बघून मला कळत होतं की हे तिनं रागानं केलेलं नाही. तिनं इथली रीत पाहिली आणि उचलली. मला त्या क्षणी त्या जागेतल्या प्रत्येक माणसाचा तिरस्कार वाटला, माझ्या पोटच्या पोरीसकट.

मामानं खोका तिच्या हातात दिला. तीच पेढे वाटत गेली. पहिल्या रांगेतून सुरुवात केली. मुलांनी हात पुढे केले, नातवानं दोन घेतले. कुणीतरी "थँक्यू" म्हटलं, तेही वर्गात शिकवलेलं. माझ्या लेकीपाशी ती थांबली, पेढा तिच्या तळहातावर ठेवला आणि पुढे गेली. पाळकीणबाईंनी घेतला. सेक्रेटरींनी घेतला आणि "प्रभू तुला आशीर्वाद देवो" असं म्हटलं. माझ्यासमोर आली तेव्हा मी तिचा हात धरायला गेले. तिनं खोका दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी पेढा उचलला. ती निघून गेली. मामा दारातून पुन्हा एकदा म्हणाला, "माफ करा बरं का साहेब, उगं तरास दिला."

मी वर्ग संपायची वाट पाहिली नाही. लेकीला दंडाला धरून बाहेर आणलं आणि मोपेडवर बसवलं. बोलले असते तर हात उगारला असता. उधन्याच्या रेल्वे फाटकापाशी गाड्या तुंबल्या होत्या, ऊन डोक्यात जात होतं आणि मागे ती पेढा खात होती, थोडा थोडा, पुरवून पुरवून.

"आई," ती म्हणाली, "तू का नाही म्हटलंस आमच्यासारखं?"

मी मोपेड दोन रिक्षांच्या मधून पुढे काढली.

"आम्हाला सरांनी शिकवलं होतं. तिला तर कुणीच शिकवलं नव्हतं, तरी तिनं बरोबर सांगितलं." तिनं बोटं चाटली. "तुला एकटीलाच आलं नाही."